पाळलेला प्रार्थनाकीटक कोणत्या जातीचा? फोटो काढण्यापासून नावापर्यंत

श्रावण सरत आला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. कढीपत्त्यावर किंवा जास्वंदीवर सापडलेला आणि आता श्रीखंडाच्या डब्यात मुक्कामाला असलेला प्रार्थनाकीटक, म्हणजे प्रेइंग मँटिस. वरून काढलेला एकच फोटो, अर्ध्या चौकटीत कुणाचं तरी बोट, आणि खाली प्रश्न: "ही कुठली जात? काहीतरी वेगळीच दिसतेय ना?" वेगळी असेलही. पण त्या फोटोवरून ते सांगता येत नाही, आणि ज्यानं दोन मिनिटांत छातीठोक नाव सांगितलं त्यालाही ते कळलेलं नसतं.

चूक बहुतेकदा क्रमाची असते. लोक रंगापासून सुरुवात करतात आणि तिथून थेट नावावर उडी मारतात. आधी वय ठरवायचं, मग नर की मादी, मग पुढच्या पायांची आतली बाजू, मग उरलेलं अंग. नावाची पाळी शेवटी. हा क्रम चुकला की चांगला कॅमेरा असूनही उत्तर चुकतं.

शब्दांचा घोळ आधीच मिटवू. या लेखात 'प्रजाती' म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द आणि 'जात' म्हणजे दोन्ही शब्द मिळून होणारं पूर्ण नाव. शाळेच्या हजेरीपटासारखं इथेही आडनाव आधी येतं. पुढच्या पायाचे तीन भाग लक्षात ठेवा: अंगाला जोडलेला लांब भाग तो खुबा, त्यापुढची जाड काटेरी मांडी, आणि मांडीवर चाकूच्या पात्यासारखी मिटते ती नडगी. ज्याला आपण मान म्हणतो ती मान नसून छातीचा पहिला भाग असतो. त्याच्या वरच्या पाठीला मी 'ढाल' म्हणणार आहे.

## तयारी: कीटकाला हात लावण्याआधी

सामान थोडंच लागतं. मिठाईवाले देतात तसा पारदर्शक डबा, पण नवा. जुन्या डब्यावरचे ओरखडे फोटोत काट्यांसारखे दिसतात आणि मोजणीचा विचका होतो. मिलिमीटरचा आलेखकागद, फोनला चिमट्यानं लावायचं मॅक्रो भिंग, रंगपेटीतला मऊ ब्रश, पांढरा कोरा कागद, दोन-तीन रिकाम्या काडेपेट्या, पेन्सिल आणि वही.

वहीच्या पहिल्या पानावर तारीख, गाव किंवा पेठ, झाडाचं नाव आणि कीटक जमिनीपासून किती उंचीवर होता ते लिहा. रात्री दिव्यावर आला असेल तर तसं लिहा; दिव्यावर येणारे बहुतेक नर असतात. झाडाच्या सालीवर होता, गवतात होता की फुलावर, हे तर लिहाच. पुढे दोन प्रजातींत अडकलात की निकाल बऱ्याचदा याच ओळीवर लागतो. कुणाकडून विकत किंवा भेट आला असेल तर अंडी मूळ कुठल्या भागातली होती ते विचारा. विकणाऱ्यानं सांगितलेलं नाव अवतरणात लिहून ठेवा, पण त्यावर विसंबू नका.

अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तिथे कीटकाला वेगळी सूट नाही.

थांबा. कीटकानं दोन-तीन दिवस खाणं सोडलं आहे का? अंग मलूल रंगाचं, पोट ताणलेलं, पाठीवरचे पंखांचे कोंब फुगलेले दिसतात का? मग तो कात टाकणार आहे. या वेळी डबा हलवला, त्याला खाली पाडलं किंवा ब्रशनं डिवचलं तर तो अर्ध्या कातीत अडकतो आणि वाकड्या पायांनी जगतो, किंवा मरतो. कात उलटं लटकून टाकतात, म्हणून डब्याची उंची कीटकाच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी आणि वरच्या बाजूला मच्छरदाणीचं कापड हवं. कात टाकल्यावरही लहानग्याला एक दिवस, मोठ्याला दोन-तीन दिवस हात लावू नका. अंग कडक होऊ द्या.

## टप्पा १: हा नक्की प्रार्थनाकीटकच आहे का?

हा प्रश्न एका मिनिटाचा, पण विचाराच. पुढचे पाय तसेच दुमडलेले, मात्र चारही पंख पारदर्शक आणि घराच्या छपरासारखे उतरते ठेवलेले असतील, तर तो मँटिसमाशी नावाचा वेगळाच कीटक आहे. काही तर गांधीलमाशीचा वेश घेऊन येतात. विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या पाण्यात सापडलेला, मागे लांब श्वासनळी असलेला काडीसारखा प्राणी म्हणजे पाणविंचवाच्या नात्यातला पाणकीटक. काडीकीटकाचे पुढचे पाय साधे असतात, त्यांच्यावर भक्ष्य पकडणारे काटे नसतात.

नाकतोड्याचे मागचे पाय उडीसाठी जाड असतात, हे सांगायची गरज पडू नये. पण पडते.

## टप्पा २: पिल्लू की पूर्ण वाढलेला?

पुस्तकांतली आणि फोटोवरून नाव सुचवणाऱ्या ॲपमधली बहुतेक वर्णनं पूर्ण वाढलेल्या कीटकांची असतात. ती पिल्लाला लावली की हमखास फसगत होते. प्रार्थनाकीटक साधारण सहा ते नऊ वेळा कात टाकतो आणि दर वेळी थोडा बदलतो. काही प्रजातींची अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं काळी, चकचकीत आणि हुबेहूब मुंग्यांसारखी असतात. तीच दोन कातींनंतर हिरवी किंवा पांढरी होतात.

पंख बघा. पूर्ण पंख पोट झाकत असतील तर वाढ पूर्ण झाली. पंख आखूड दिसले तर मात्र घाई नको, कारण काही जातींच्या माद्यांचे पंख पूर्ण वाढीनंतरही आखूडच राहतात. पिल्लाचे कोंब पाठीला चिकटलेले, जाडसर आणि एकमेकांपासून वेगळे असतात. खऱ्या आखूड पंखांवर शिरा स्पष्ट दिसतात, एक पंख दुसऱ्यावर चढलेला असतो, आणि खालचा पंख वेगळ्या पोताचा, बऱ्याचदा वेगळ्या रंगाचा असतो.

पडताळा: खात्री होत नसेल तर महिनाभर वाट बघा. नीट खाणाऱ्या कीटकानं कात टाकली तर तो पिल्लू होता. पूर्ण वाढीनंतर कात टाकली जात नाही.

माझी फजिती याच टप्प्यावर झाली. जास्वंदीच्या कळीवर गुलाबीसर पांढरं, पोटाचं टोक पाठीवर वळवून बसलेलं, नखाएवढं पिल्लू सापडलं. एका ॲपनं ऑर्किड मँटिस, म्हणजे ऑर्किडच्या फुलासारखा दिसणारा प्रार्थनाकीटक, सांगितलं, मीही गावभर तेच सांगत सुटलो. चार कातींनंतर पंख आले: हिरवे, आणि दोन्हींवर फिकट पिवळा गोल डोळा, त्याला काळी कड. ती क्रिओब्रोटर प्रजाती होती, आपल्याकडे फुलांवर दिसणारी. वळवलेलं पोट आणि टोकदार डोळे हे फुलांवर बसणाऱ्या अनेक प्रजातींच्या पिल्लांमध्ये असतं. पंखांवरचा डोळा मात्र पिल्लात नसतोच, मग तो ताडून बघणार कसा?

## टप्पा ३: नर की मादी?

हे आधी ठरवलं नाही तर एकाच जातीचे नर-मादी दोन जाती वाटतात. नर सडपातळ, मादी दणकट. नराचे पंख पोटापेक्षा लांब, मादीचे बऱ्याचदा आखूड. रंगही वेगळे असू शकतात. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं एकाच अंडपेटीतून (मादी अंडी घालते त्या कोशातून) निघालेली भावंडं दोन महिने दोन वेगळ्या नावांच्या चिठ्ठ्या लावून सांभाळली होती.

मोजायचं ते पोटाच्या खालच्या बाजूला. कीटक पारदर्शक झाकणावर चढला की खालून बघा. पोटाच्या आडव्या पट्ट्या मोजा: मादीला सहा दिसतात, शेवटची मोठी आणि टोकाकडे निमुळती, नराला आठ, शेवटची लहान. मिशा हा दुसरा पुरावा, नराच्या जास्त लांब आणि जाड. गाँगायलस आणि एम्पुसा या प्रजातींत तर नराच्या मिशा कंगव्यासारख्या दोन्ही बाजूंनी दातेरी असतात.

पहिल्या दोन-तीन कातींपर्यंत हे नीट दिसत नाही. वहीत 'लिंग: अनिश्चित' लिहा आणि पुढे चला.

## टप्पा ४: फोटो, याच क्रमानं

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, पण ऊन थेट पडणार नाही असं बसा. फ्लॅश नको, हिरव्या अंगावर पांढरा झगझगाट येतो आणि ठिपके जातात.

१. संपूर्ण कीटक वरून, आलेखकागदावर. लांबी डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत धरा. पंख पुढे गेले असतील तर त्यांची लांबी वेगळी लिहा.
२. बाजूनं संपूर्ण कीटक.
३. चेहरा समोरून. डोळ्यांचा आकार, डोक्यावर सुळका आहे का, मिशांच्या वरचे तीन साधे डोळे.
४. ढाल वरून, चौकटभर.
५. पुढच्या पायांची आतली बाजू: खुबा आणि मांडी दोन्ही.
६. मधले आणि मागचे पाय. पानासारखे पापुद्रे आहेत का ते दिसलं पाहिजे.
७. पोटाची खालची बाजू आणि टोकाच्या दोन शेंड्या.

पाचवा फोटो लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त माहिती त्यातच असते. प्रार्थनाकीटक पाय दुमडून बसतो, म्हणून आतली बाजू दिसत नाही. ओढून उघडायचा प्रयत्न करू नका, खुबा निखळतो. माझी रीत अशी: डबा आडवा धरायचा. कीटक झाकणाच्या आतल्या बाजूवर स्थिरावला की बाहेरून, त्याच्या तोंडासमोर, ब्रशचं टोक माशीसारखं थोडं थोडं हलवायचं. तो आधी डोकं वळवतो. मग अंग डावी-उजवीकडे डुलवतो, अंतर जोखत. मग एक पाय सावकाश पुढे टाकून काचेवर चाचपडतो, आणि त्या क्षणी खुबा आणि मांडी दोन्हींची आतली बाजू भिंगासमोर उघडी पडते. सेकंदाचा खेळ असतो. फोटोच्या नादी न लागता व्हिडिओ चालू ठेवा आणि नंतर त्यातली चौकट उचला.

दोन-तीनदा नाही जमलं तर त्या दिवसापुरतं सोडा. पंख पसरून, पाय फाकून तो धमकी द्यायला लागला तर आतली बाजू सुंदर दिसते, हे खरं. पण मुद्दाम पुनःपुन्हा चिडवून तो फोटो मिळवणं मला पटत नाही.

थांबा. डोळ्यातला काळा ठिपका 'ओळखीची खूण' म्हणून लिहू नका. ते बुबुळ नाही. संयुक्त डोळ्याचे जे कप्पे नेमके तुमच्याकडे रोखलेले असतात ते काळे दिसतात, म्हणून ठिपका तुमच्या मागे मागे फिरतो. रात्री सगळा डोळाच गडद होतो. "दिवसा हिरव्या आणि रात्री काळ्या डोळ्यांची दुर्मीळ जात" असा निरोप मला एकदा आला होता.

## टप्पा ५: अंग वाचायचं कसं

रंग शेवटी. अनेक जातींत एकाच अंडपेटीतली पिल्लं हिरवी आणि तपकिरी निघतात, आणि तोच कीटक पुढच्या कातीनंतर रंग बदलतो. रंगावरून जात ठरवणं म्हणजे साडीच्या रंगावरून बाईचं गाव सांगणं.

डोकं. डोक्यावर उंच सुळका असेल तर आपल्याकडे आधी गाँगायलस किंवा एम्पुसा तपासा. दोन्हींत फरक ढालीचा: गाँगायलसची ढाल लांब काडीसारखी असते आणि पुढच्या टोकाला पतंगासारखी रुंदावते, शिवाय मधल्या-मागच्या पायांना मोठे पानासारखे पापुद्रे असतात. त्याला व्हायोलिन मँटिस म्हणतात तो याच आकारामुळे. एम्पुसाची ढाल सडसडीत राहते आणि पापुद्रे लहान असतात. सुळका नाही, पण डोळेच पुढे टोक काढल्यासारखे, आणि सगळं अंग गवताच्या पात्यासारखं लांब नि बारीक? मग स्किझोसेफाला. तो गवतातच मिळतो. कुंडीतल्या झुडपावर सापडला तर पुन्हा तपासा.

अंगाची ठेवण. चपटा, सालीच्या रंगाचा, खोडाला अंग चिकटवून बसणारा, आणि डिवचलं की खोडाच्या पलीकडे सरसर पळणारा लहान कीटक बहुधा हम्बर्टिएला असतो. प्रार्थनाकीटक पळतात यावर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून हा हमखास झुरळात किंवा कोळ्यात जमा होतो.

पुढचे पाय. इथे थांबून बघा. मांडी पानासारखी किंवा तबकडीसारखी रुंद, आतून रंगीत, आणि तो मुष्टियोद्ध्यासारखे हात हलवत असेल तर एफेस्टियासुला किंवा त्याचा नातेवाईक हेस्टियासुला. दोन्ही छोटे असतात, साधारण दोन-अडीच सेंटिमीटरचे, म्हणून 'पिल्लू' म्हणून सोडून दिले जातात. टप्पा २ यासाठीच होता. खुब्याच्या आतल्या बाजूला काळा ठिपका, कधी त्याच्या मधोमध पांढरा, असेल तर मँटिस रिलिजिओसा तपासा. ही युरोपपासून आशियापर्यंत पसरलेली जात आपल्याकडेही आहे. तपकिरी, सडपातळ, मध्यम आकाराचा आणि पुढच्या पायांच्या आत ठसठशीत काळे डाग असतील तर स्टॅटिलिया.

वरून बघितलं तर हे दोन्ही नुसते 'तपकिरी प्रार्थनाकीटक' आहेत. सगळा फरक दुमडलेल्या पायांच्या आत लपलेला असतो.

न्यू जर्सीतल्या भाच्यानं पाठवलेल्या फोटोंच्या वेळी हेच झालं. तिथे बागेत टेनोडेराच्या दोन जाती मिळतात आणि वरून त्यांच्यात डावं-उजवं करणं कठीण. पुढच्या दोन पायांच्या मध्ये, छातीवर, टेनोडेरा सायनेन्सिसला पिवळा डाग असतो आणि टेनोडेरा अँगस्टिपेनिसला भडक नारिंगी. त्याला म्हटलं, खालून एक फोटो काढ. पाच मिनिटांत निकाल लागला.

पंख. फक्त पूर्ण वाढलेल्यांसाठी. मोठा, दणकट, बहुधा हिरवा, आणि दोन्ही पुढच्या पंखांवर कडेला एकेक फिकट ठिपका असेल तर हायरोड्युला. आपल्या बागांतला सर्वांत ठळक पाहुणा हाच, म्हणून दिसेल त्या हिरव्या प्रार्थनाकीटकाला लोक हायरोड्युला म्हणतात. ठिपका दिसला नाही तर म्हणू नका. मागचे पंख बघण्यासाठी पुढचे पंख उचकटायचे नाहीत. कीटक उडेल किंवा धमकावेल तेव्हा ते दिसतात. क्रिओब्रोटरच्या मागच्या पंखांत गुलाबी किंवा लालसर रंग असतो.

पडताळा: निदान तीन वेगवेगळ्या अवयवांच्या खुणा एकाच नावाकडे बोट दाखवतात का? दोन जुळतात आणि तिसरी विरोधात जाते, तर नाव चुकलंय असं समजा. तिसऱ्या खुणेला 'अपवाद' म्हणून बाजूला सारणं ही या छंदातली सर्वांत मोठी खोड आहे, आणि ती मलाही आहे.

## टप्पा ६: कात फेकू नका

पाळणाऱ्याला जंगलात फिरणाऱ्यापेक्षा एक मोठा फायदा असतो: त्याच्याकडे कात असते. कातीवर पायांचे सगळे काटे जसेच्या तसे राहतात. जिवंत कीटकाला त्रास न देता ते मोजता येतात. लोक मात्र डबा साफ करताना ती विष्ठेबरोबर कचऱ्यात टाकतात.

वाळलेली कात ठिसूळ असते, उलगडायला गेलात की चुरा होतो. बंद डब्यात ओला टिश्यू ठेवा, त्यावर बाटलीचं झाकण पालथं घाला आणि कात त्यावर ठेवा, पाण्याला टेकू देऊ नका. काही तासांत ती मऊ पडते. मग दोन सुयांनी पुढचा पाय हळूच उघडून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि भिंगातून बघा.

मांडीच्या खालच्या बाजूला काट्यांच्या दोन रांगा असतात. बाहेरच्या रांगेत थोडे आणि मोठे काटे, बहुतेकांना चार, काहींना पाच. आतल्या रांगेत पुष्कळ, बऱ्याचदा एक मोठा एक लहान असे आलटून पालटून. या दोन रांगांच्या मध्ये, मांडीच्या बुडाशी, आणखी तीन-चार काटे वेगळे उभे असतात. ते बाहेरच्या रांगेत धरू नका. नवखे मोजणारे इथेच चुकतात आणि पाचाचे आठ-नऊ करतात. नडगीचे काटे वेगळे मोजा.

पडताळा: दोन्ही पायांचे आकडे जुळतात का? पिल्लूपणी तुटलेला पाय पुढच्या कातींत परत वाढतो, पण लहान आणि काट्यांत गडबड असलेला. आकडे जुळले नाहीत तर मोठ्या पायाचे धरा आणि वहीत तसं लिहा.

मोजून झालं की कात काडेपेटीत ठेवा, वर तारीख आणि 'कितवी कात' लिहा. दोन पेट्यांतल्या काती एकत्र करू नका.

मादीनं अंडपेटी घातली तर तिचाही फोटो आलेखकागदाबरोबर काढा. नराशी भेट न होताही मादी अंडपेटी घालते, त्यामुळे ती मिळायची शक्यता चांगली असते. हायरोड्युलाची फुगीर, वाळलेल्या फेसासारखी. क्रिओब्रोटरची काडीच्या दिशेनं ताणलेली, चिंचोळी. रानात सापडलेल्या अंडपेटीतून पिल्लांऐवजी लांब शेपटाच्या इवल्या गांधीलमाशा निघाल्या तर दचकू नका, त्या तिच्यातली अंडी खाऊन वाढलेल्या असतात.

## टप्पा ७: आता नाव

आत्तापर्यंत ॲप उघडलं नसेल तर उत्तम. आता उघडा, पण तीन-चार फोटो द्या आणि ठिकाण भरा. ठिकाण न भरता विचारलं तर ॲप अमेरिकेतल्या किंवा आग्नेय आशियातल्या जाती पुढे करतं. ती यादी 'कुणाकुणाला तपासायचं' एवढ्यापुरती वापरा. प्रत्येक नावापुढे तुमच्या वहीतल्या खुणा मांडा आणि न जुळणारी नावं खोडत जा. खोडताना कारण लिहा. 'वाटत नाही' हे कारण नाही.

मग प्रदेश तपासा. त्या प्रजातीची नोंद महाराष्ट्रात, गोव्यात, निदान सह्याद्रीत आहे का? भारतातून दीडशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत, आणि लहान, जमिनीवर राहणाऱ्या तपकिरी जातींकडे फार थोड्यांनी लक्ष दिलेलं आहे. म्हणून नोंद नाही एवढ्यावरून नाव बाद होत नाही, पण पुरावा जास्त भक्कम हवा. विकत आणलेल्या कीटकाला हा नियम लागू नाही, तो कुठूनही आलेला असू शकतो.

कुलाच्या, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाच्या, नावावरून गोंधळ झाला तर घाबरू नका. २०१९ मध्ये प्रार्थनाकीटकांच्या वर्गीकरणाची मोठी फेरमांडणी झाली. हम्बर्टिएला जुन्या पुस्तकात लिटर्गुसिडी कुलात सापडेल आणि नव्या यादीत गोनिपेटिडी कुलात. कीटक तोच. प्रजाती आणि जात जुळवा, कुलावर अडू नका.

आता जे कुणाला ऐकायचं नसतं ते. अनेक प्रजातींत जात ठरवायला नराच्या जननांगांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो, म्हणजे मेलेला नर हवा आणि जाणकार हवा. तुमच्याकडे जिवंत मादी असेल तर 'हायरोड्युला, जात अनिश्चित' हे पूर्ण आणि बरोबर उत्तर आहे. ओढूनताणून दुसरा शब्द चिकटवला तर पुढे तो फोटो बघून आणखी दहा जण चुकतात.

जाणकाराला विचारताना सातही फोटो, लांबी, लिंग, वय, ठिकाण, झाड आणि काट्यांचे आकडे एकाच निरोपात पाठवा. 'अर्जंट' लिहू नका. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातली माणसं अशा नीट मांडलेल्या निरोपाला उत्तर देतात असा माझा अनुभव आहे; नुसत्या फोटोला देत नाहीत.

## टप्पा ८: मेल्यानंतर

पूर्ण वाढ झाल्यावर प्रार्थनाकीटक काही महिनेच जगतो, नर मादीच्या आधी जातो. ओळख अर्धवट राहिली असेल तर देह टाकू नका. पोट ओलसर आणि भरलेलं असल्यानं उघड्यावर ठेवलं की कुजतं, आणि मुंग्या दुसऱ्या दिवशी हजर असतात. घट्ट झाकणाच्या बाटलीत सत्तर टक्के अल्कोहोल घ्या आणि त्यात देह पूर्ण बुडवा. हिरवा रंग उतरेल, म्हणून बुडवण्याआधी शेवटचे फोटो काढा. आता पंख उघडून मागच्या पंखांचा रंगही बघता येतो.

चिठ्ठी बाटलीच्या आत घाला, बाहेर चिकटवलेली निघून येते. पेन्सिलनंच लिहा, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. तारीख, ठिकाण, झाड, लिंग. नाव वेगळ्या चिठ्ठीवर, म्हणजे उद्या बदललं तर पहिली चिठ्ठी तशीच राहते.

आणि कीटक जिवंत असतानाच पाळणं सोडायचं ठरवलंत, तर जिथून उचलला त्याच झाडावर, पाऊस नसलेल्या संध्याकाळी सोडा. तो बाहेरून आणलेला असेल किंवा कुठला हे ठरलं नसेल, तर सोडू नका, आणि त्याच्या अंडपेट्या बाल्कनीतही ठेवू नका; पिल्लं मच्छरदाणीच्या साध्या जाळीतून सहज निघून जातात.